रूमवर एकाला फ्लू झाला की बाकीच्यांनी पहिल्या रात्री काय करायचं?

खिडकीजवळची_कॉट · ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण बेळगावात उद्यमबागेच्या मागच्या बाजूला भाड्यानं राहतो. दोन खोल्या, मध्ये हॉल, एकच बाथरूम. दोघं खानापूर तालुक्यातले, एक निपाणीचा, एक चंदगडचा आणि एक गदगचा. काल संध्याकाळपासून निपाणीवाल्याला ताप आहे. आत्ता थर्मामीटरवर १०२.४. अंग ठेचून काढल्यासारखं दुखतंय म्हणतो, डोळे फिरवले तरी दुखतात, कोरडा खोकला आहे. वर्गात आणखी सात-आठ जण असेच पडलेत, त्यामुळे फ्लूच असावा असं सगळे म्हणतात.

नुसतं औषध विचारायला हा धागा काढलेला नाही. मागच्या पावसाळ्यात आम्ही दुसऱ्या घरात आठ जण राहत होतो. पहिला आजारी पडला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही आणि आठवड्याभरात सहा जण आडवे झाले. त्यातला शेवटचा आतल्या खोलीत एकटा पडून होता. इंटर्नल परीक्षा सुरू होत्या, बाकीचे जरा उठून कॉलेजला जायला लागलेले. त्याचा डबा आम्ही दारात ठेवायचो आणि संध्याकाळी उचलायचो. तीन वेळा डबा भरलेलाच परत गेला. आत जाऊन बघावं असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे त्यानं भिंतीवर हात आपटला तेव्हा आम्ही उठलो. धाप लागलेली, ओठ काळसर पडलेले. न्यूमोनिया निघाला. आठ दिवस दवाखान्यात होता, त्यातले तीन ऑक्सिजनवर.

तो आता ठणठणीत आहे. पण त्याच्या आईनं दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला विचारलं होतं, "तुम्ही सगळे एकाच घरात होता ना रे?" त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून विचारतोय. आज रात्री आम्ही चौघांनी नेमकं काय करायचं? जागा एवढीच आहे. बाहेर धो धो पाऊस आहे, खिडक्या बंद आहेत आणि हॉलमध्ये दोरीवर पाच जणांचे ओले कपडे लटकलेत.

---

खानापूरची_सिस्टर · ४ ऑगस्ट, रात्री ९:३५

बाळा, चांगलं केलंस आत्ताच विचारलंस ते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करते, रोज हेच बघते. आज रात्रीपुरतं सांगते, बाकीचं उद्या.

त्याला एका खोलीत एकटा ठेवा, तुम्ही चौघं दुसऱ्या खोलीत आणि हॉलमध्ये झोपा. अडचण होईल, पण चार-पाच दिवसांचा प्रश्न आहे. चौघांपैकी एकानंच त्याच्याकडं जायचं. ज्याला दमा नाही, घरी जायचं नाही आणि जो जबाबदारीनं वागतो असा एक निवडा. मास्क त्यानंही लावायचा आणि आजारी पोरानं दुसरं कुणी खोलीत असताना लावायचा. बाहेर आल्यावर साबणानं हात, वीस सेकंद. नळाखाली नुसते ओले करून पँटला पुसायचे नाहीत.

त्याच्या उशाशी पाण्याची बाटली आणि झाकणाचा डबा ठेवा, थुंकायला आणि टिश्यू टाकायला. पॅरासिटामॉल ५०० ची गोळी ताप चढला की द्या, दोन गोळ्यांत निदान सहा तास जाऊ देत आणि चोवीस तासांत चारच्या वर नको. गोळी दिलेली वेळ आणि ताप भिंतीवर कागद चिकटवून लिहा. प्रत्येक जण काळजीनं वेगवेगळी गोळी देतो आणि पोटात किती गेल्या हे कुणालाच माहीत नसतं, असं मी कितीदा बघितलंय. ॲस्पिरिन घरात असेल तर त्याला हात लावू नका. अंग पुसायचं तर साध्या पाण्यानं, बर्फानं नाही.

आणि पोरा, रात्री दोनदा गजर लावून उठा. तो झोपलेला असला तरी श्वास बघा, हाक मारा. "पाणी पितोस काय?" म्हटल्यावर नीट उत्तर आलं पाहिजे.

दार आतून कडी लावून झोपू देऊ नका. हे सगळ्यांत आधी.

---

खिडकीजवळची_कॉट · ४ ऑगस्ट, रात्री ९:४८

सिस्टर, कडी काढली. कागद लावला. गदगवाला म्हणतोय मी जातो त्याच्याकडं. तो कन्नड, हा मराठी, पण पहिल्या सेमपासून दोघं एका ताटात जेवतात.

---

चंदगडची_आई · ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

माझा मुलगा टिळकवाडीत पीजीमध्ये आहे. त्याच्या खोलीतल्या पोरालाही ताप आहे. ह्याला अजून काही नाही, पण घसा खवखवतोय म्हणाला. मी म्हटलं सकाळच्या गाडीनं घरी ये, माझ्या नजरेसमोर राहशील. घरी सासूबाई आहेत, वय ७४, दम्याचा पंप चालू आहे. सिस्टर, बोलावू की नको? इथं बसून जीव थाऱ्यावर नाही.

---

खानापूरची_सिस्टर · ४ ऑगस्ट, रात्री १०:२०

ताई, जीव कळतो तुमचा. पण उद्या बोलावू नका.

फ्लूची लागण झाल्यापासून त्रास दिसायला एक ते चार दिवस लागतात, बहुतेकांना दोन. आणि त्रास सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे घसा खवखवणारं पोर बंद काचांच्या एसटीत बसलं तर शेजारचे चार जण घेऊन उतरतील, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा आजीच्याच पाया पडेल. विशीतलं पोर पाच दिवसांत उठतं. ७४ वर्षांच्या दमेकरी बाईला तोच ताप जड जातो. ६५ च्या वरचे, दमा-मधुमेह-हृदयविकारवाले, गरोदर बायका आणि पाच वर्षांच्या आतली लेकरं, ह्यांना जपायचं असतं.

त्यापेक्षा उलट करा. तुम्ही किंवा त्याचे बाबा एक दिवस येऊन जा, डॉक्टरला दाखवा, चार दिवसांचं सामान देऊन जा. रोज दोनदा फोन करा आणि व्हिडिओवर तोंड बघा. फोनवर पोरं "बरा हाय" एवढंच म्हणतात.

त्याची स्वतःची तब्येत मुळातच नाजूक असेल किंवा तिथं बघायला एक माणूसही नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. मग स्वतंत्र गाडी करून न्या, आजीची खोली वेगळी ठेवा. एकटं पडून राहण्यापेक्षा तेही चांगलं.

---

वडगावची_मेस · ५ ऑगस्ट, सकाळी ६:२०

मी डबे देते, अठ्ठेचाळीस पोरांचे. लिहायला जमत नाही फारसं, लेक टाइप करतेय.

ते भरलेला डबा परत आल्याचं वाचून रात्रभर झोप नाही मला. पोरांनो, डबा भरलेला आला की मेसवालीला पहिल्यांदा कळतं. माझ्याकडं असा डबा आला तर मला वाटायचं पोरगं गावाला गेलं असेल, नाहीतर बाहेर खाऊन आलं असेल. आजपासून मी वही केलीय. लागोपाठ दोन डबे भरलेले आले की त्या रूमवर फोन. उचलला नाही तर आमचा डबेवाला मुलगा वर जाऊन दार वाजवणार. बाकीच्या मेसवाल्या बायकांनापण सांगते.

ताप असलेल्याला चपाती-भाजी घशाखाली उतरत नाही, म्हणून डबा भरलेला येतो. आदल्या रात्री एक मेसेज करा, मी मऊ भात देते. आपल्या भागातला बासमती असतो ना, येळ्ळूर-वडगावच्या शिवारातला, त्याची पेज चांगली होते, वासानंच दोन घास जास्त जातात. वर तूप-मीठ, आणि मेतकूट. दुसऱ्या दिवशी हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून जात्यावर नाहीतर मिक्सरवर पीठ करायचं, आलं, लसूण, जिरं, थोडा गूळ घालून पातळ शिजवायचं. कपानं पिता येतं, चावायला लागत नाही. नाचणीची आंबील पण चालते. हे औषध नव्हे हं, ताकद राहायला म्हणून.

आजारी पोराचा डबा परत देताना रूमवरच गरम पाण्यानं आणि साबणानं धुऊन द्या. माझ्या मोरीत अठ्ठेचाळीस डबे एकत्र येतात.

---

रेक्टर_शहापूर · ५ ऑगस्ट, सकाळी ९:१५

मी साठ मुलांच्या वसतिगृहावर बरीच वर्षं आहे. काकूंनी वहीचं लिहिलं ते वाचून आमच्या स्वयंपाकघरातही आज तसंच सुरू केलं. ताट न घेतलेल्या मुलांची नावं रात्री नऊला माझ्या टेबलावर आली पाहिजेत असं सांगितलंय.

धागा काढणाऱ्या मित्रा, तुझ्या प्रश्नातली खरी अडचण जागेची आहे. ती आम्ही कशी सोडवली ते सांगतो.

आमच्याकडं जुलै लागला की कोपऱ्यातली एक खोली रिकामी ठेवतो. तीत तीन कॉट, दोन समोरासमोरच्या खिडक्या, शेजारी संडास. कुणीही आजारी नसताना ती तयार असते. चादरी, थर्मामीटर, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, मास्क, साबण, एक तांब्या-भांडं, बादली. सुरुवातीला संस्थेतले लोक म्हणायचे की तीन मुलांचं भाडं बुडतं. मी म्हटलं, एकदा साथ आली की तीस मुलं घरी जातात, त्याचा हिशेब करा. भाड्याच्या घरात तुम्हाला खोली रिकामी ठेवता येणार नाही, पण "कुणाला ताप आला तर कुठली खोली त्याची आणि बाकीच्यांनी कुठं झोपायचं" हे जूनमध्येच ठरवता येतं. रात्री अकरा वाजता, एक जण कण्हत असताना, कॉट हलवण्यावरून वाद होतात. मी ते वाद सोडवलेत.

खिडकीबद्दल. बेळगावच्या पावसात खिडकी उघडायची म्हणजे गादी भिजते, मान्य आहे. पण हा आजार खोकला-शिंकेच्या थेंबांतून पसरतो आणि कोंडलेल्या खोलीत ते बारीक कण हवेत तरंगत राहतात. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवा, समोरचं दार किलकिलं ठेवा, बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन असेल तर चालू ठेवा. हॉलमधली कपड्यांची दोरी आजच काढा. जिन्यात, पत्र्याखाली, कुठंही बांधा. ओल्या कपड्यांमुळं तुम्ही खिडकी-दार लावून घेता, पंखा त्या कपड्यांवर फिरवता आणि तीच हवा पाच जण घेत राहता.

कॉट हलवता येत नसतील तर एक जण पूर्वेला डोकं करून, शेजारचा पश्चिमेला. तोंडं लांब जातात. निदान मीटरभर अंतर तरी मिळतं.

आमच्याकडं मला सगळ्यांत जास्त त्रास दिला तो फिल्टरवरच्या साखळीनं बांधलेल्या एका स्टीलच्या पेल्यानं. साठ मुलं त्याच पेल्यानं पाणी प्यायची. तो पेला काढला आणि ज्याची त्याची बाटली सक्तीची केली. मोबाइलही तसाच. एकाच्या फोनवर चौघं डोकी जुळवून मॅच बघतात, हेडफोन एकमेकांचे घालतात. कडक आणि गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवससुद्धा टिकतो. कडी, नळ, स्विच, गॅसचं बटण रोज एकदा साबणाच्या पाण्यानं पुसा.

हजेरीचा विषय वेगळा लिहावा लागेल. मुलं तापात वर्गात जाऊन बसतात, कारण हजेरी कापली जाते. मी दरवर्षी महाविद्यालयांना पत्र देतो की वसतिगृहाचा दाखला पाच दिवसांसाठी ग्राह्य धरा. काही ठिकाणी ऐकतात. काही ठिकाणी मुलगा स्वतः येऊन सही करून गेला पाहिजे म्हणतात, म्हणजे तापातला मुलगा साठ जणांच्या वर्गातून फिरून येतो. याची मला मनापासून चीड आहे.

---

रात्रपाळी_अभ्यास · ५ ऑगस्ट, सकाळी ११:००

एवढं सगळं कशाला? मेडिकलवाल्याकडं "ताप-सर्दी-खोकला" म्हटलं की तो तीन गोळ्यांची पुडी देतो, त्यात एक अँटिबायोटिक असतं. मी दरवेळी तेच घेतो, तीन दिवसांत उभा राहतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद. पुढच्या आठवड्यात परीक्षा असली की पाच दिवस पडून राहणं परवडत नाही.

---

इंटर्न_नेहरूनगर · ५ ऑगस्ट, दुपारी २:४०

मी सध्या इंटर्नशिप करतेय, ओपीडीत सकाळपासून हेच पेशंट. रात्रपाळी, तुझ्यावर राग नाही, तुझ्यासारखे रोज वीस येतात. पण तू तीन दिवसांत उभा राहतोस तो तुझ्या शरीरामुळं. फ्लू विषाणूचा आजार आहे आणि अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. बहुतेकांचा फ्लूचा ताप तीन-चार दिवसांत आपोआपच उतरतो, त्याचं श्रेय पुडीला मिळतं. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकला जिवाणू सरावतात. पुढं खरंच न्यूमोनिया झाला तर तेच औषध लागू पडत नाही.

पुडीत दुसरा धोका आहे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच. वरून तू तापाची वेगळी गोळी घेतलीस की दुप्पट डोस. दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला इजा होते. पाकिटाच्या मागं घटक लिहिलेले असतात, ते वाचायची सवय लावा.

आता मूळ प्रश्नाकडं. खिडकीजवळची कॉट, तुझ्या मित्राचे डोळे फिरवताना दुखतात असं लिहिलंयस. फ्लूतही तसं होतं, पण डेंग्यूतही होतं, आणि ऑगस्टमध्ये बेळगावात दोन्ही असतात. खोकला आणि घसा असेल तर पारडं फ्लूकडं झुकतं. खोकला-सर्दी अजिबात नाही, अंगावर पुरळ आहे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, पोटात जोरात दुखतंय, असं काही असेल तर रक्त तपासा. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. तोवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून तापाला फक्त पॅरासिटामॉल.

खानापूर-चंदगडच्या मुलांना मी आणखी एक विचारते: रविवारी घरी भाताच्या लावणीला गेला होतास का? पायाला चीर असताना चिखलात उभं राहिलास का? पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल आहेत का? तसं असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदराच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा, विचार करावा लागतो. त्यावर अँटिबायोटिक खरंच लागतं आणि लवकर लागतं. डॉक्टर घाईत असले तर हे तुम्ही स्वतःहून सांगा. (काजूच्या हंगामात जंगलातून आल्यावर ताप आला तर तेही सांगायचं. २०१६ साली शेजारच्या दोडामार्ग भागात गोचिडीतून पसरणारा माकडताप आलेला आठवत असेल.)

स्वाइन फ्लूची तपासणी करायची का, हे प्रत्येक पालक विचारतो. २००९ मध्ये जो एच१एन१ जगभर पसरला, तो आता दरवर्षीच्या फ्लूपैकीच एक झालाय. आपल्याकडं सरकारी नियमाप्रमाणं पेशंटचे अ, ब, क असे गट करतात. साधा ताप-खोकला म्हणजे अ गट, त्याला तपासणीही नाही आणि टॅमिफ्लूही नाही, घरात वेगळं राहायचं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवायचं. ब गटात खूप ताप आणि घसा जास्त दुखणारे येतात, तसंच दमा, मधुमेह, गरोदरपण वगैरे असलेले. त्यांना डॉक्टर ऑसेल्टॅमिव्हिर (म्हणजेच टॅमिफ्लू) देऊ शकतात. ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त गुण येतो, म्हणून दम्याच्या मुलानं "उद्या बघू" करत बसायचं नाही. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतं आणि कोर्स पुरा करायचा.

क गट म्हणजे थेट दवाखाना: धाप, छातीत दुखणं, बेडक्यात रक्त, ओठ-नखं निळसर, गुंगी, बरळणं, दिवसभर लघवी नाही. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवत असेल तर आकडा पुन्हा-पुन्हा बघत बसू नका. १०८ ला फोन करा.

आणि तुझ्या मागच्या वर्षीच्या मित्राचं जे झालं ते नेमकं कसं होतं तेही सांगते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, पोरगं जरा उठून बसतं, सगळे निर्धास्त होतात, आणि मग पुन्हा ताप चढतो, खोकला वाढतो, पिवळा-हिरवा बेडका येतो. फ्लूनं फुफ्फुसाचं आतलं अस्तर दुखावलेलं असतं, त्यावर जिवाणू बसतात. बरा होऊन पुन्हा बिघडला तर त्याच दिवशी छाती तपासून घ्यायची. शेवटी आजारी पडलेल्याकडं बघायला कुणी उरत नाही, सगळे आपापल्या बुडालेल्या अभ्यासाकडं वळलेले असतात. तुमच्या घरात तेच झालं असावं.

---

खिडकीजवळची_कॉट · ५ ऑगस्ट, दुपारी ३:३०

होय डॉक्टर. अगदी तेच झालं होतं.

निपाणीवाल्याला सकाळी दाखवून आणलं. छाती स्वच्छ आहे, अ गट म्हणाले. खोकला-घसा आहे, पुरळ नाही. उद्या पुन्हा बोलावलंय. ऑक्सिमीटर ९७. पावसातून रिक्षानं नेला, रिक्षावाल्या मामांनी स्वतःच बाजूचा पडदा वर केला आणि म्हणाले, "हवा खेळू दे, मी भिजलो तर भिजलो."

---

सदाशिवनगर_पीजी · ५ ऑगस्ट, सायंकाळी ५:००

वाफेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या खोलीत चौघी आहोत. मागच्या हिवाळ्यात एक जण कॉटवरच मांडीत पातेलं घेऊन, डोक्यावर चादर घेऊन वाफ घेत होती. दुसरी अंधारात तिच्या पायाला अडखळली. उकळतं पाणी मांडीवर. फ्लू चार दिवसांत गेला असता, भाजलेलं बरं व्हायला दीड महिना गेला, आणि डाग तसाच आहे.

नाक मोकळं वाटतं हे खरं, पण वाफेनं विषाणू मरत नाही. घ्यायचीच असेल तर टेबलावर, दिवा लावून, खोलीत दुसरी कुणी चालत नसताना. आम्ही आता मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि नाकात सलाईनचे थेंब एवढंच करतो.

---

गदगची_रूममेट · ५ ऑगस्ट, सायंकाळी ६:१०

मी वरच्या ताईंचीच रूममेट, माझं मराठी इथं येऊन शिकलेलं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. चंदगड, गडहिंग्लजकडून आलेल्या मुलांना कन्नड येत नाही. दवाखान्यात बहुतेक सगळ्यांना मराठी कळतं. पण रात्री घाबरून फोन करताना किंवा नवीन वॉर्डनशी बोलताना शब्द लागतात. म्हणून हे भिंतीवर लिहून ठेवा. ताप म्हणजे ज्वर, बोलताना आम्ही जोरा म्हणतो. खोकला म्हणजे केम्मु. डोकं दुखणं तलेनोवु. अंग दुखणं मैकै नोवु. आणि सगळ्यांत महत्त्वाचा शब्द, उसिराटद तोंदरे, म्हणजे श्वासाचा त्रास. हा एक शब्द म्हटला की समोरचा पुढं काही विचारत बसणार नाही.

आणि पत्ता. "उद्यमबागेच्या मागं" म्हटलं तर रुग्णवाहिका येऊन फिरत राहते. घर नंबर, क्रॉस, जवळचं देऊळ किंवा दुकान, मालकांचा फोन, असं सगळं एका कागदावर दारामागं लावा.

---

हलग्याचे_आजोबा · ५ ऑगस्ट, रात्री ८:००

नातू वाचून दाखवतोय. माझी आजी मानमोडीची गोष्ट सांगायची. १९१८ ची साथ. तेव्हा त्याला फ्लू कुणी म्हणत नव्हतं, मानमोडी म्हणायचे, माणूस मान टाकायचा म्हणून. म्हातारे-कोतारे राहिले आणि ऐन उमेदीतली माणसं गेली असं ती सांगायची. ज्या घरात सगळेच एकदम पडले तिथं पाणी द्यायला माणूस उरला नाही, म्हणून जास्त गेले. तिची आई शेजारच्या दोन घरांच्या उंबऱ्यावर रोज पेजेचं गाडगं ठेवायची आणि हाक मारायची. आतून ओ आली तरच पुढच्या घराला.

त्या काळी औषध नव्हतं. हाक मारणं तेवढं होतं.

---

इंटर्न_नेहरूनगर · ५ ऑगस्ट, रात्री ९:२०

आजोबा, आजींनी बरोबर सांगितलं. १९१८ च्या साथीत वीस ते चाळीस वयाची माणसं फार गेली, हे तिचं वेगळेपण होतं. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली असं मानतात.

लसीबद्दल दोघांनी व्यक्तिगत विचारलं, इथंच लिहिते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कुठले प्रकार घालायचे ते सांगते. टोचल्यावर साधारण दोन आठवड्यांनी संरक्षण तयार होतं. आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो. म्हणजे पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये घेतलेली बरी. दंडातल्या इंजेक्शनची लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यानं फ्लू होत नाही. हात दुखेल, एखादा दिवस कसकस वाटेल. घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो, पण दवाखान्यात भरती होण्याची पाळी कमी येते. दमा, टाइप-वन मधुमेह, हृदयाचा त्रास असलेल्या विद्यार्थ्यांनी घ्यावीच असं माझं स्पष्ट मत आहे. चंदगडच्या ताई, तुमच्या सासूबाईंनाही. त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

वर्गात परत कधी जायचं, हेही राहिलं. पॅरासिटामॉल न घेता पूर्ण चोवीस तास ताप नाही, तेव्हा. खोकला दोन आठवडे रेंगाळतो, तोवर मास्क लावा. गणपतीला घरी जायचंय म्हणून गोळी खाऊन ताप दाबून एसटीत बसू नका.

---

रात्रपाळी_अभ्यास · ५ ऑगस्ट, रात्री ११:४५

वाचलं सगळं. पुडीतली गोळी पाकिटावरून बघितली, पॅरासिटामॉल दोन्हीकडं निघालं. हे मला माहीत नव्हतं. आमच्या मजल्यावर आज एक जण पडलाय, मी त्याच्या दाराची कडी काढून आलोय.

---

चंदगडची_आई · ६ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मुलाला रात्री ताप आला, १०१. ह्यांना पहाटेच्या गाडीनं पाठवलंय, सोबत हुलग्याचं पीठ, मेतकूट आणि मास्क दिलेत. बोलावलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी फोनवर बोलते त्याच्याशी, मला ऐकू येतं." दोघं अर्धा तास बोलले.

रेक्टर सर, तुमच्यासारखी रिकामी खोली प्रत्येक पीजीत असावी म्हणून मी त्या मालकांशी बोलणार आहे. आमच्यासारखे दहा पालक बोलले तर ऐकतील.

---

रेक्टर_शहापूर · ६ ऑगस्ट, सकाळी ९:००

बोला, नक्की बोला. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी देतो, हजेरीच्या पत्राचाही.

---

खिडकीजवळची_कॉट · ७ ऑगस्ट, रात्री १०:१५

तीन दिवसांचं सांगतो. निपाणीवाल्याचा ताप काल रात्रीपासून शंभरच्या खाली आहे, आज दुपारपासून गोळी दिलेली नाही. दुसऱ्यांदा दाखवून आणलं, छाती स्वच्छच आहे. पण डॉक्टरांनी चौथ्या-पाचव्या दिवसाबद्दल लिहिलंय ते मी कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय आणि रविवारपर्यंत गजर बंद करणार नाही. गदगवाला दर चार तासांनी आत जातो, आकडा लिहितो. त्याच्या अक्षरात "केम्मु कमी" असं लिहिलंय, खाली निपाणीवाल्यानं मराठीत "डोकेदुखी कमी".

दोरी जिन्यात बांधली. मालकांनी आधी कुरकूर केली, मग स्वतःच वर प्लास्टिकचा कागद ताणून दिला.

मागच्या वर्षीच्या मित्राला हा धागा पाठवला होता. त्यानं वाचून फोन केला. त्या तीन दिवसांत त्याला आमचे आवाज ऐकू यायचे, पण हाक मारायला दम पुरायचा नाही, हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं. आम्ही बराच वेळ बोललो.

आज संध्याकाळी चंदगडवाल्याला कणकण आलीय, ९९.८. तो निपाणीवाल्याच्याच खोलीत हलला, दुसऱ्या भिंतीला, उलट डोकं करून. वडगावच्या काकू, उद्यापासून मऊ भाताचे दोन डबे द्या. आजचा डबा रिकामा आहे, धुऊन पाठवलाय.